कोरा स्पर्श

झोपते गं, झोपते. डोळ्यांवर पट्टी बांधायची एवढी घाई करू नकोस. सव्वीस वर्षं या टेबलाच्या त्या बाजूला, आत्ता तू उभी आहेस ना, तिथेच मी उभी होते. आज पहिल्यांदा आडवी झालेय, तर जरा छत तरी बघू दे. हा ओलीचा डाग इतका पसरलाय हे मला माहीतच नव्हतं.

मघाशी तू म्हणालीस, "बाई, डावा पाय असा ताठ का धरलाय? जरा झटका, सैल सोडा." तुझी काही चूक नाही. तपासणीआधी पेशंटला पाय झटकायला सांगायचं, हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलंय. पण मी झटकणार नाही. का ते सांगते. तो टेबलावरचा दिवा राहू दे चालू, दार तेवढं लोटून घे. चारपर्यंत दुसरा पेशंट नाही, मी येताना रजिस्टर बघूनच आलेय. खोड जात नाही.

माझा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. वहिनी गेली त्याला बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी लग्नाच्या भानगडीतच पडले नाही. आई-बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वेण्या घालण्यापासून मला या तपासणीच्या कोर्सला पाठवण्यापर्यंत सगळं त्याने केलं. मला चिमणे म्हणायचा, पन्नाशी उलटली तरी. स्वभाव एकदम गमत्या. कुणी म्हणालं, "अहो, घड्याळ मागे पडतंय," की हा म्हणायचा, "मग तुम्हीच थोडं थांबा की त्याच्यासाठी."

गेल्या वर्षी त्याला ताप आला. ताप उतरला आणि पाय बधिर झाले. म्हणजे चालता यायचं, पण पायाखाली काय आहे ते कळायचं नाही. घोट्यापर्यंत काही म्हणजे काही नाही. एकदा त्याची एक चप्पल उंबऱ्यापाशीच राहिली आणि हा एका चपलेवर अख्खा बाजार फिरून आला. आल्यावर स्वतःच हसत सुटला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, नसांना नवी पालवी फुटेल, धीर धरा, दर आठवड्याला तपासून कागद आणत जा. तपासणार कोण? मीच. याच टेबलावर.

पहिल्या दिवशी त्याने मला भंडावून सोडलं. यंत्र उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

"चिमणे, आत नेमकं असतं काय?"

"पहारेकरी असतात," मी म्हटलं. "कातडीखाली, लाखोंनी. एकाला हलका स्पर्श तेवढा कळतो, एकाला दाब, एकाला थरथर. गारव्याचा वेगळा, ऊन लागल्याचा वेगळा, दुखण्याचा वेगळा. कुणी आलं की आपापली घंटा वाजवायची, एवढंच त्यांचं काम. ती घंटा नसेतून वर मेंदूपर्यंत जाते."

"आणि मेंदू बघायला येतो?"

"तो कशाला येतोय! तो कवटीत काळोखात बसलेला. घंटा वाजली तर आहे, नाही वाजली तर नाही."

"मग हे बनियन? सकाळपासून अंगावर आहे. कुठे वाजतेय घंटा?"

"ते सरावतात रे. काही नवीन झालं की वाजवतात, तेच ते राहिलं की गप्प बसतात. दुखण्याचा तेवढा पहारेकरी गप्प बसत नाही, बाकी सगळे कामचुकार. म्हणून तर पाय हलवायला सांगते. हललं की परत जागे होतात."

त्याने बनियनची कड चिमटीत धरली आणि सोडली. मग म्हणाला, "म्हणजे एखादी गोष्ट जन्मल्यापासूनच अंगाला लागलेली असेल, आणि कधी हललीच नसेल... तर ती आपल्याला कळणारच नाही."

"कळून करायचंय काय तुला? डोळे मीट," मी म्हटलं आणि पट्टी बांधली.

आता तुला कोरा स्पर्श शिकवायला नको. नायलॉनचा तंतू टेकवायचा, विचारायचं, "आता?" पेशंटने हो किंवा नाही म्हणायचं. आणि मधूनच तंतू हातातच ठेवून, न टेकवता विचारायचं, "आता?" तिथे हो म्हणाला की फुली. लोक म्हणतात गं, आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात, घरी लवकर जायचं म्हणून म्हणतात. तीन फुल्या झाल्या की कागदाच्या तळाशी लिहायचं, 'भरवसा नाही'. मग त्या कागदाला कुणी विचारत नाही. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आवाजात फरक नाही, श्वासात फरक नाही, टेकवलं की नाही ते पेशंटला कळायची सोय नाही. उगाच का मला सगळे फुलीबाई म्हणायचे? आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

चौथ्या आठवड्यात उजव्या पायाला थोडं कळायला लागलं होतं. डाव्याची पाळी आली. घोट्याजवळ तंतू न टेकवता मी विचारलं, "आता?"

"हो."

फुली मारली. पुन्हा कोरा. "आता?"

"हो, आहे."

दुसरी फुली. मी मुद्दाम दोन पावलं मागे सरकले, हात पाठीमागे घेतले. "आता?"

"अगं हो. किती वेळा विचारशील? धरलायस ना तू घोटा!"

माझं डोकंच फिरलं. "दादा, माझ्याशीसुद्धा? मी हातही लावलेला नाही. खोटं बोलून पाय बरा होतो का?"

तो उठून बसला नाही. हसलाही नाही. हळूच म्हणाला, "तू धरला नाहीस... मग कुणी धरलाय?"

मी पट्टी काढली. त्याने पायाकडे बघितलं, मीही बघितलं. पाय. त्याच्या नखांत घड्याळाच्या तेलाचा काळा मळ, पायाच्या नखांतसुद्धा. बाकी काही नाही. खोलीत स्पिरिटचा वास आणि तो पंखा, बस्स.

"दिसत नाही," तो म्हणाला. "पण आहे. सगळीकडून आहे. गार नाही, गरम नाही. नुसतं धरलंय."

मी म्हटलं, बघूच. ट्यूनिंग फोर्क घेतला. शाळेत ज्याला नादकाटा म्हणायचे तो, हाच, तुझ्या ट्रेमधला. तळहातावर आपटला, उजव्या घोट्याच्या हाडावर टेकवला. गुणगुणला, मनात वीस मोजेपर्यंत. गुडघ्यावर टेकवला, गुणगुणला. डाव्या घोट्यावर टेकवला आणि टेकवताच गप्प. विझत जाऊन नाही गं. वाजत्या काट्यावर कुणी बोट ठेवावं तसा, एकदम. पुन्हा आपटला. पुन्हा गप्प. पाचदा केलं मी.

"काटा बिघडला असेल," मी म्हटलं.

"चिमणे, काट्यात बिघडायला काय असतं? एक लोखंड आहे ते." मग तो छताकडे बघत राहिला, मी आत्ता बघतेय ना, तसाच. "तूच म्हणालीस ना, सवय झाली की गप्प बसतात? जुने पहारेकरी मेले. हे नवे आलेत. यांना सवय नाही... यांनी पहिल्यांदाच बघितलं."

मला भीती वाटली. खरं सांगते, पायापासून डोक्यापर्यंत भीती वाटली. आणि भीती वाटली की माणूस आपलं रोजचं काम करतो. मी कागद ओढला आणि तीन फुल्यांखाली लिहिलं, 'भरवसा नाही'. नियम म्हणजे नियम. मग त्याला म्हटलं, "पाय झटक."

"नको."

"अरे झटक, म्हणजे तुझं तुलाच कळेल काही नाही ते. दादा, माझ्यासाठी. एकदाच, जोरात."

माझ्या शब्दाला त्याने आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने पाय झटकला.

"सुटलं?" मी विचारलं.

 त्याचा हात माझ्या मनगटावर आला.

"सुटलं होतं..." तो म्हणाला. "सुटलं, आणि परत धरलं. वर धरलं, चिमणे. पोटरीला."

मी खाली बघितलं. घोट्याभोवती बोटभर रुंदीचा पांढराफटक पट्टा उघडा पडला होता, अगदी गोल, कडा धारेच्या. तो मघाशी नव्हता. दादाने तो बघितला आणि लगेच ओळखला. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांची मनगटं बघितलेली ना त्याने. "घड्याळाचा पट्टा काढल्यावर असं होतं," तो म्हणाला. "इथे कधी ऊनच लागलं नाही."

त्यानंतर सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही. तो हलला की ते वर यायचं. जिन्याची एक पायरी चढला, गुडघ्याखाली आलं. झोपेत कूस बदलली, मांडीवर आलं. मागे पांढरे पट्टे सोडत यायचं. म्हणून तो हलेनासा झाला. दुकानातल्या खुर्चीत पाय पसरून बसायचा, मी त्याला भरवायचे, पुसायचे. भिंतीवर चाळीसेक घड्याळं टिकटिकत असायची आणि त्यांच्यात हा माणूस निश्चल. त्यातही म्हणायचा, "बघ, सगळी चालतायत आणि मालक बंद पडलाय." हसायचा नाही मात्र, पोट हललं असतं.

आणि एक वाईट होतं. ते सरकलं की त्याला कळायचं. थांबलं की पहारेकरी सरावायचे, तासाभरात कळेनासं व्हायचं. आहे हे माहीत, पण कुठे ते माहीत नाही. मग तो घाबरायचा. "काटा लाव," म्हणायचा. "बघ कुठे गप्प होतोय." मी फोर्क घेऊन हाडाहाडावर टेकवत वर जायचे. नडगीवर वाजायचा, गुडघ्यावर वाजायचा, कमरेच्या हाडावर गप्प. "इथे आहे, दादा." तो डोळे मिटून मान खाली घालायचा. सव्वीस वर्षं शिकलेल्या विद्येचा त्याला एवढाच उपयोग झाला.

आठव्या दिवशी त्याला ठसका लागला. पाण्याच्या घोटाचा, साधा. संपला तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. मी काटा लावला. खालच्या बरगडीवर गप्प झाला.

"चिमणे," तो अगदी कमी आवाजात म्हणाला, "पाय न हलवता बसता येतं. छाती... छाती न हलवता कसं बसायचं?"

मी चपला न घालता धावत इथे आले. डॉक्टर जेवून नुकतेच बसले होते. मी सगळं सांगितलं, काट्याचंसुद्धा. त्यांनी शांतपणे फाईल काढली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. तीन फुल्या. 'भरवसा नाही'. खाली माझी सही.

"बाई, हा तुमच्याच हातचा आहे ना?"

"हो, पण..."

"तुम्ही फुली मारलीत म्हणजे ते खरं नाही, हे या इमारतीत कुणालाही विचारा. भावाचा त्रास तुम्हाला बघवत नाहीये. मी समजू शकतो." त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. एक त्याला, एक मला.

काय बोलणार? माझेच दात, माझेच ओठ. लोकांच्या 'हो'वर फुल्या मारत आले, आता माझ्या 'हो'वर कोण विश्वास ठेवणार होतं!

घरी आले. दुपारचे साडेतीन, उन्हाची तिरीप दुकानाच्या काउंटरवर. दादा खुर्चीत तसाच होता. श्वास घेत होता तो असा... थोडासा, ओठांतल्या ओठांत, चोरून घेतल्यासारखा. तरी छाती हलणारच की गं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्याचा शर्ट उघडला. एक श्वास घेतला की पांढरा पट्टा वरच्या बाजूने बोटभर रुंद व्हायचा. माझ्या समोर. आणखी एक श्वास, आणखी बोटभर.

"धरून ठेवू का?" मी वेड्यासारखं विचारलं. "मी हाताने धरते, खाली ओढते..."

"कशाला धरशील? तुला हाताला काही लागतंय का?"

लागत नव्हतं. मी दोन्ही हात त्याच्या छातीवर फिरवले. कातडी, केस, घाम. माझ्या बोटांतल्या लाखो पहारेकऱ्यांपैकी एकानेही घंटा वाजवली नाही.

"चिमणे, तू फुली मारलीस त्याचा मला राग नाही हां," तो म्हणाला. एका श्वासात दोनच शब्द बोलत होता. "मीही... मारली असती."

मी हंबरडा फोडला असता, पण त्याला धक्का बसून तो हलला असता. म्हणून मी आवाज न करता रडले. त्याने मान वर केली. मग गळ्यावरची शीर दबताना मला दिसली. बाहेरून दाबणारं काही नाही, आणि शीर दबलेली. त्याचे डोळे माझ्यावर होते. घड्याळं टिकटिकत होती. किती वेळ लागला ते चाळीस घड्याळांनी मोजलं असेल, मी नाही मोजलं.

नंतर मी फोर्क घेतला. घोट्यावर, गुडघ्यावर, बरगड्यांवर, हनुवटीवर, कपाळावर. सगळीकडे गुणगुणला. ते गेलं होतं. डॉक्टर येऊन गेले, पट्टे बघितले, म्हणाले, मोज्यांचे इलॅस्टिक घट्ट असतील. छातीवर आणि गळ्यावर मोजे घालतात का हो, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

आता तुला कळलं ना मी इथे का झोपलेय? मलाही तोच ताप आला दोन महिन्यांपूर्वी. पाय तसेच बधिर झाले आणि तशीच पालवी फुटतेय. गेल्या सोमवारी सकाळी चहा गाळत होते, तेव्हा डाव्या घोट्याला कळलं. गार नाही, गरम नाही. नुसतं धरलंय. तेव्हापासून मी तो पाय हलवलेला नाही. रिक्षेतून इथवर दोघांनी उचलून आणलं.

मला औषध नको. काही करता येत नाही हे मी स्वतः बघितलंय. ते आपल्या सगळ्यांनाच लागून आहे, माझी खात्री आहे. कुणाला पायाला, कुणाला पाठीला, कुणाला कुठे. हलत नाही तोवर बिचारं काही करतही नाही. मला एवढंच हवंय की तू काटा लाव, आणि गप्प झाला की कागदावर गप्प झाला असं लिही. फुली मारू नकोस. मला कुणीतरी एक 'हो' लिहून द्या गं, बाकी काही नको. दादाला मी तेवढंही दिलं नाही.

हां, घे तो फोर्क. आपट तळहातावर.

आपटलास का? अगं, ऐकू आला नाही मला. पुन्हा आपट, जोरात.

पुन्हा.

थांब. काटा अजून माझ्या पायाला लागलेला नाही. तुझ्या हातातच आहे... मग वाजत का नाहीये?

बाही जरा सरकव तुझी. नाही नाही, दुसऱ्या हाताने, हळू. तो हात आहे तिथेच ठेव. या खोलीत कुणी घड्याळ घालायचं नाही हा माझाच नियम, टिकटिक ऐकून पेशंट चुकतात म्हणून. आणि तू तर म्हणाली होतीस, मी आयुष्यात कधी घड्याळ बांधलं नाही, फोनवर बघते.

मग तुझ्या मनगटावर तो पांढरा पट्टा कधीपासून आहे?

रडू नकोस. मी आहे ना. रडलीस तर खांदे हलतील.